कुणाच्या तरी घरातल्या कॅमेऱ्यांनी ट्विटर बंद पाडलं: डीडॉस हल्ल्यांची गोष्ट

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, ‘एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार’ असे मेसेज घरोघरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होते. ते खोटे असल्याचा खुलासा सरकारला करावा लागला. पाठोपाठ महाराष्ट्र सायबरने, म्हणजे राज्याच्या सायबर पोलिस विभागाने, सांगितलं, की पहलगामच्या घटनेनंतर भारतातल्या यंत्रणांवर सुमारे १५ लाख सायबर हल्ले झाले आणि त्यांतले जेमतेम १५० यशस्वी ठरले. आकडा ऐकून लोक हबकले. पंधरा लाख वेळा कुणी आपल्या बँकेत घुसायचा प्रयत्न केला की काय, असंच अनेकांना वाटलं. हल्ल्यांच्या प्रकारांत एक नाव होतं डीडॉस. बातम्यांत ते सारखं येतं, आणि बहुतेकांना त्याचा अर्थ ‘हॅकिंगचाच काहीतरी प्रकार’ इतकाच माहीत असतो.

डीडॉस म्हणजे ‘डिस्ट्रिब्युटेड डिनायल ऑफ सर्व्हिस’. अनेक ठिकाणांहून एकाच वेळी एखाद्या साईटवर इतक्या मागण्या पाठवायच्या, की खऱ्या माणसाला तिथे जागाच मिळू नये. यात आत घुसणं नाही, काही चोरणं नाही. फक्त वाट अडवणं आहे.

या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आधीच सांगून टाकते. हल्ला करणाऱ्याकडे स्वतःची ताकद जवळजवळ कधीच नसते. ती तो दुसऱ्यांकडून घेतो, त्यांच्या नकळत आणि त्यांच्या हलगर्जीपणामुळे. हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं होतं.

साईट उघडते म्हणजे काय होतं?

तुम्ही मोबाइलवर एखादी साईट उघडता, तेव्हा तुमचा फोन दूरच्या एका कॉम्प्युटरला, म्हणजे सर्व्हरला, निरोप पाठवतो: बोलायचं आहे. सर्व्हर उत्तर देतो, ‘बोल, तयार आहे’, आणि तुमच्या नावाची एक नोंद करून ठेवतो. मग तुमचा फोन ‘मिळालं, सुरू करू’ म्हणतो आणि पान यायला लागतं. हे तीन निरोप डोळ्याचं पातं लवायच्या आत होतात.

तालुक्याच्या गावी दवाखान्यात सकाळी कंपाउंडर वहीत नंबर लावून घेतो, तसंच हे. समजा, त्या वहीत चाळीसच नावं मावतात आणि कुणीतरी सहा वाजताच येऊन चाळीस खोटी नावं लावून गेलं. डॉक्टर आत मोकळे बसलेत, कपाटात औषधं आहेत, दार सताड उघडं आहे. तरी तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन आलेल्या बाईला नंबर मिळत नाही. आता ही चाळीस नावं एकाच माणसाने लावली असतील, तर कंपाउंडर दुसऱ्या दिवशी त्याला ओळखेल आणि हाकलून देईल. पण चाळीस वेगवेगळी माणसं एकेक नाव लावून गेली, तर त्यांतला खरा पेशंट कोण आणि खोटा कोण, हे त्याला कसं कळावं? ‘डिस्ट्रिब्युटेड’चा सगळा त्रास या प्रश्नात आहे.

खऱ्या जगात हल्ला तीन जागी होऊ शकतो. सर्व्हरकडे येणारी वाट, म्हणजे त्याची इंटरनेट जोडणी, तुंबवता येते. नोंदींची वही भरून टाकता येते. किंवा सर्व्हरला इतकं निरर्थक काम लावता येतं, की खऱ्या कामाला त्याला वेळच उरत नाही.

न्यूयॉर्क, सप्टेंबर १९९६

पॅनिक्स ही न्यूयॉर्कमधली अगदी सुरुवातीच्या काळातली इंटरनेट पुरवठादार कंपनी. ६ सप्टेंबर १९९६ च्या सुमारास तिचे सर्व्हर एकेक करून गप्प झाले आणि पुढचे कित्येक दिवस तिच्या ग्राहकांना धड सेवा मिळाली नाही. कारण नोंदींची वही. कुणीतरी ‘बोलायचं आहे’ हा पहिला निरोप सतत पाठवत होतं, आणि तोही प्रत्येक वेळी पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता लावून. सर्व्हर त्या खोट्या पत्त्यावर उत्तर पाठवायचा आणि तिसऱ्या निरोपाची वाट बघत बसायचा. त्या काळच्या अनेक सर्व्हरवर ही वाट बघण्याची मुदत ७५ सेकंद होती, आणि अशा अर्धवट नोंदींना जागा अगदी मोजकी. सेकंदाला दीडशेच्या आसपास निरोप पुरे झाले. घरगुती मोडेमवरूनही हे करता आलं असतं.

त्याच सुमाराला हॅकर मंडळींच्या दोन नियतकालिकांत या हल्ल्याची कृती छापून आली होती, म्हणजे ही युक्ती कुणाच्याही हाती पोहोचली होती. पण उपायही त्याच महिन्यात निघाला. डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञांनी सुचवलं, की सर्व्हरने वहीत नाव लिहूच नये. उत्तर पाठवतानाच त्यात एक हिशेबाने काढलेला आकडा घालावा. समोरचा खरा असेल तर तिसऱ्या निरोपात तो आकडा परत येईल, तेव्हाच नोंद करावी. दवाखान्याच्या भाषेत, वहीत लिहिण्याऐवजी शिक्का मारलेली चिठ्ठी द्यायची; चिठ्ठी घेऊन जो परत येईल तोच पेशंट. ही युक्ती आजही जगभरच्या सर्व्हरवर चालते. इतका नेटका उपाय या इतिहासात पुन्हा क्वचितच सापडतो.

एकाचे शेकडो कसे झाले

ऑगस्ट १९९९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या एका कॉम्प्युटरवर किमान २२७ यंत्रांनी मिळून हल्ला केला. तो कॉम्प्युटर दोन दिवसांहून जास्त काळ निकामी राहिला. वापरलेल्या साधनाचं नाव होतं ट्रिनू. हल्लेखोर आधी दुसऱ्यांच्या, बऱ्याचदा विद्यापीठांच्या, कॉम्प्युटरमध्ये शिरून तिथे एक छोटा प्रोग्राम ठेवायचा आणि मग एका इशाऱ्यावर ती सगळी यंत्रं एकदम चालवायचा. अशा परस्पर ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या ताफ्याला बॉटनेट म्हणतात.

सहाच महिन्यांनी सगळ्या जगाला याची ओळख झाली. ७ फेब्रुवारी २००० रोजी याहू काही तास बंद पडलं. ते तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या साईटपैकी एक होतं. पुढच्या दोन दिवसांत बाय डॉट कॉम, ईबे, अॅमेझॉन, सीएनएन, ई-ट्रेड यांची पाळी आली. करणारा निघाला मॉन्ट्रियलजवळ राहणारा पंधरा वर्षांचा मुलगा, इंटरनेटवर ‘माफियाबॉय’ नावाने वावरणारा. सीएनएनवरच्या हल्ल्यात वापरलेल्या यंत्रांपैकी एक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा इथल्या शाखेचं होतं. विद्यापीठाला अर्थातच पत्ता नव्हता. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याच महिन्यात तज्ज्ञांची बैठक बोलावली. मुलाला २००१ मध्ये आठ महिन्यांची सुधारगृहाची शिक्षा झाली.

नाव कमवायला झालेल्या हल्ल्यांनंतर पैसे कमवायला होणारे हल्ले आले. २००३ च्या सुमारास ऑनलाइन जुगाराच्या साईटना पत्रं यायला लागली: मोठ्या सामन्याच्या आधी इतके हजार डॉलर पाठवा, नाहीतर साईट बंद पडेल. सामन्याच्या दिवशी साईट बंद म्हणजे वर्षाची कमाई बुडाली, म्हणून कित्येकांनी पैसे दिले. खंडणीचा हा धंदा आजही तसाच चालू आहे.

‘म्हणजे माझे पैसे, माझा डेटा गेला का?’

डीडॉसची बातमी आली की पहिली भीती हीच असते. सरळ उत्तर: डीडॉसने तुमचं खातं उघडलं जात नाही, पासवर्ड कळत नाही, शिल्लक हलत नाही. कधी कधी कंपनीचे लोक साईट सावरण्यात गुंतलेले असताना दुसऱ्या बाजूने चोरी होते, पण ती चोरी वेगळ्या मार्गाने केलेली असते.

म्हणून नुकसान होत नाही असं मात्र नाही. ऑगस्ट २०२० मध्ये न्यूझीलंडच्या शेअर बाजारावर सलग चार दिवस असा हल्ला झाला. व्यवहार करणारी यंत्रणा शाबूत होती. पण कंपन्यांच्या घोषणा साईटवर लोकांपर्यंत पोहोचेनात, आणि सगळ्यांना एकाच वेळी माहिती मिळत नसेल तर व्यवहार चालू ठेवणं न्यायाचं नाही, म्हणून बाजार थांबवावा लागला. काहीच चोरीला न जाता एका देशाचा शेअर बाजार ठप्प झाला होता.

एका देशावर हल्ला: एस्टोनिया २००७

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा चिमुकला देश, लोकसंख्या साधारण तेरा लाख. मार्च २००७ मध्ये तिथे संसदेच्या निवडणुकीत इंटरनेटवरून मतदान झालं होतं. राष्ट्रीय निवडणुकीत असं करणारा तो पहिला देश. बँकेची कामंही लोक घरूनच करायचे. एप्रिलच्या शेवटी सरकारने राजधानी ताल्लिनच्या मध्यभागातून सोव्हिएत काळातला एका सैनिकाचा ब्राँझचा पुतळा लष्करी दफनभूमीत हलवला. रशियन भाषक लोकांना तो नाझींवरच्या विजयाचं स्मारक वाटायचा, तर अनेक एस्टोनियन लोकांना परकीय ताब्याची खूण. रस्त्यावर दंगल झाली, आणि २७ एप्रिलपासून सरकारी खाती, वर्तमानपत्रं आणि बँका यांच्या साईटवर हल्ले सुरू झाले. ते अधूनमधून तीन आठवडे चालले. ९ मे, म्हणजे रशियाचा विजय दिन, जवळ आला तशी त्यांना धार चढली. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेची ऑनलाइन सेवा काही काळ बंद पडली. शेवटी परदेशातून येणारी वाहतूकच तोडण्याचा मार्ग बऱ्याच संस्थांनी पत्करला. देशातल्या लोकांना साईट दिसायची, बाहेरच्या जगाला नाही.

हा हल्ला कुणाच्या सांगण्यावरून झाला, हे न्यायालयात कधीच सिद्ध झालं नाही. शिक्षा म्हणाल तर एका विद्यार्थ्याला दंड झाला. पण पुढच्याच वर्षी नाटोने आपलं सायबर संरक्षणाचं केंद्र ताल्लिनमध्ये उभं केलं. आपल्याकडे मे २०२५ मध्ये सीमेवरच्या संघर्षाबरोबर साईटवर हल्ले झाले, त्याचं मूळ नमुन्याचं प्रकरण हेच.

थोडं मागायचं, भरपूर दुसऱ्याच्या माथी मारायचं

दरम्यान हल्लेखोरांना एक वेगळी युक्ती सापडली होती. इंटरनेटवर असे असंख्य सर्व्हर आहेत जे कुणीही विचारलं तरी उत्तर देतात. साईटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारे सर्व्हर त्यांतलेच. प्रश्न साठेक बाइटचा (एक बाइट म्हणजे साधारण एका इंग्रजी अक्षराएवढी माहिती), उत्तर कधी कधी तीन हजार बाइटचं. आता प्रश्न विचारताना पाठवणाऱ्याच्या जागी आपला पत्ता न देता ज्याच्यावर हल्ला करायचा त्याचा दिला, तर ते पन्नासपट मोठं उत्तर थेट त्याच्या अंगावर जातं.

मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या संस्थेवर याच पद्धतीने सेकंदाला ३०० गिगाबिटपर्यंत मारा झाला; एक गिगाबिट म्हणजे साडेबारा कोटी बाइट. ही संस्था नको असलेल्या ईमेल पाठवणाऱ्यांची यादी ठेवते, त्यामुळे तिला शत्रू भरपूर. प्रकरणात अटक झालेल्यांत लंडनचा एक किशोरवयीन मुलगा होता. २०१४ मध्ये घड्याळं जुळवणाऱ्या सर्व्हरचा असाच वापर झाला आणि मारा ४०० गिगाबिटवर गेला. मग २०१८ मध्ये मेमकॅश्ड नावाचं सॉफ्टवेअर सापडलं. ते मुळात कंपनीच्या आतल्या वापरासाठी असतं, पण हजारो लोकांनी ते तसंच उघड्यावर ठेवलं होतं. १५ बाइटच्या प्रश्नाला ७५० किलोबाइटपर्यंत उत्तर, म्हणजे जवळपास पन्नास हजार पट. २८ फेब्रुवारी २०१८ ला, आपल्या रात्री १० वाजून ५१ मिनिटांनी, प्रोग्रामर लोकांच्या गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा लोंढा आला. एक टेराबिट म्हणजे हजार गिगाबिट. साईट साधारण नऊ मिनिटं अडखळली आणि परत उभी राहिली, कारण तोवर सगळी वाहतूक हल्ले गाळणाऱ्या कंपनीकडे वळवली होती.

‘पण खोटा पत्ता चालतोच कसा?’

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर वाचून मला तरी दरवेळी चीड येते. तुमच्या इंटरनेट कंपनीला तुम्हाला दिलेला पत्ता माहीत असतो. तुमच्या जोडणीवरून दुसऱ्याच कुणाचा पत्ता लावलेला निरोप बाहेर पडत असेल, तर तो तिथल्या तिथे टाकून देता येतो. हे कसं करायचं, त्याची लेखी शिफारस जानेवारी १९९८ मध्ये आली आणि मे २००० मध्ये ती ‘बीसीपी ३८’ या नावाने पक्की झाली. तरीही जगातल्या सगळ्या पुरवठादारांनी ती आजवर अमलात आणलेली नाही.

कारण खर्च आणि फायदा वेगवेगळ्या पदरात पडतात. गाळणी बसवण्याचा त्रास पुण्यातल्या किंवा साओ पावलोतल्या पुरवठादाराने घ्यायचा, आणि वाचणार कोण, तर भलत्याच देशातली भलतीच साईट. आपल्या ग्राहकाला काहीच फरक पडत नाही, मग करायचं कशाला? डीडॉसचा प्रश्न तीस वर्षं का सुटत नाही, याचं निम्मं उत्तर मला या एका हिशेबात दिसतं.

मिराई: साठेक पासवर्ड आणि सहा लाख यंत्रं

२०१६ साल या इतिहासातलं सर्वांत बोलकं वर्ष. जुलैमध्ये मुंबईतल्या काही इंटरनेट पुरवठादारांवर मोठा डीडॉस हल्ला झाला, शहरात नेट रेंगाळलं आणि राज्याच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. ऑगस्टमध्ये, या घटनेशी संबंध नसलेला, मिराई नावाचा एक प्रोग्राम जगात मोकाट सुटला.

मिराई काय करायचा ते जरा बारकाईने बघण्यासारखं आहे. तो कॉम्प्युटरच्या मागे लागायचा नाही. सीसीटीव्ही कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि घरचे राउटर यांच्या शोधात तो इंटरनेटवरचे पत्ते आंधळेपणाने ठोठावत सुटायचा. दार मिळालं की साठेक नाव-पासवर्डच्या जोड्यांच्या यादीतून काही वापरून बघायचा. ‘अॅडमिन’ला ‘अॅडमिन’. ‘रूट’ला ‘१२३४५’. ‘रूट’ला ‘एक्ससी३५११’. हा शेवटचा विचित्र पासवर्ड चीनमधल्या एका कारखान्याच्या सुट्या भागांवर बनलेल्या असंख्य डीव्हीआरमध्ये आधीपासून घातलेला होता, आणि नेहमीच्या सेटिंगच्या पानावरून तो बदलताच यायचा नाही. म्हणजे मालकाने मनावर घेतलं असतं तरी उपयोग नव्हता. एकदा आत शिरला की मिराई यंत्रातले दुसरे घुसखोर प्रोग्राम काढून टाकायचा आणि पुढचे पत्ते ठोठावायला लागायचा. तो फक्त यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहायचा, त्यामुळे वीज बंद-चालू केली की निघून जायचा. पासवर्ड तोच असला तर काही मिनिटांत परत यायचा. कॅमेरा आपलं काम करतच असायचा. दुकानदाराला गल्ल्यासमोरचं चित्र नेहमीसारखं दिसायचं.

पहिल्या वीस तासांत त्याने सुमारे ६५ हजार यंत्रं घेतली. पुढे हा आकडा सहा लाखांवर गेला. सप्टेंबरमध्ये ब्रायन क्रेब्ज या सायबर गुन्ह्यांवर लिहिणाऱ्या पत्रकाराच्या साईटवर ६२० गिगाबिटचा मारा झाला. त्यांना फुकट संरक्षण देणाऱ्या अकामाय कंपनीलाही तो खर्च झेपेना आणि तिने हात काढून घेतला. शेवटी गूगलने पत्रकारांसाठी चालवलेल्या प्रोजेक्ट शील्डमध्ये त्यांना जागा मिळाली. मला हा भाग फार गंभीर वाटतो. एका पत्रकाराचं तोंड बंद करायला ना कोर्टाची गरज पडली ना पोलिसांची, कुणाच्या तरी दुकानातले कॅमेरे पुरले.

सप्टेंबर संपता संपता मिराईच्या कर्त्यांनी माग पुसण्यासाठी सगळा प्रोग्रामच जाहीर करून टाकला. आता तो कुणीही वापरू शकत होतं. २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या डाइन कंपनीवर हल्ला झाला. डाइनचं काम साईटच्या नावावरून पत्ता सांगण्याचं, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट, स्पॉटिफाय हे तिचे ग्राहक. त्यांचे सर्व्हर ठणठणीत होते, पण पत्ता सांगणारंच कुणी नसल्याने अमेरिकेत तासन्‌तास ते लोकांना सापडेनात. तेव्हा एखाद्या देशाच्या सैन्याने हे केलं असावं असे तर्क चालले होते. नंतर या प्रकरणात ज्याने गुन्हा कबूल केला, तो त्या वेळी अल्पवयीन होता, आणि त्याचा रोख होता सोनीच्या प्लेस्टेशन गेमिंगवर.

मूळ मिराई लिहिणारे तिघे तरुण विशीच्या आसपासचे. सुरुवात झाली ती माइनक्राफ्ट या खेळाचे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या चढाओढीतून. प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर पाडला की खेळणारी पोरं आपल्याकडे येतात. त्यांच्यातला एक जण तर डीडॉसपासून संरक्षण देणारी कंपनीही चालवत होता.

‘मग पकडत का नाहीत?’

पकडतात. या तिघांना अलास्कातल्या एफबीआय अधिकाऱ्यांनी शोधलं. २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि २०१८ मध्ये प्रत्येकाला पाच वर्षं देखरेखीखाली राहणं आणि २,५०० तास समाजसेवा अशी शिक्षा झाली. त्यांनी पुढे तपासात एफबीआयला खूप मदत केली, म्हणून तुरुंग टळला. २०१८ मध्ये वेबस्ट्रेसर नावाची साईट युरोपातल्या पोलिसांनी बंद केली. तिथे महिना १५ युरोपासून डीडॉस भाड्याने मिळायचा आणि १ लाख ३६ हजारांवर लोकांनी नाव नोंदवलं होतं. एक साईट बंद केली की दुसऱ्या उगवतात हेही खरं. मारा लाखो निरपराध यंत्रांकडून येतो, त्यामुळे सूत्र कुणाच्या हातात आहे ते शोधायला महिने जातात, आणि तो हात परदेशात निघाला तर वर्षं.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार असा हल्ला करणं गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. देशाच्या सुरक्षिततेला धक्का लावण्यासाठी केला, तर कलम ६६ एफ लागतं आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या आई-वडिलांनी हे माहीत करून घ्यावं. भाड्याचा डीडॉस घेणाऱ्यांत गेमिंग करणारी मुलं बरीच असतात आणि त्यांना तो खोडसाळपणा वाटतो.

‘हा निषेधाचा मार्ग का नाही?’

२०१० मध्ये ‘अॅनॉनिमस’ म्हणवणाऱ्या लोकांनी असंच म्हटलं होतं. त्यांच्या डीडॉस मोहिमेची ठिणगी भारतातून पडली हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. चित्रपट उद्योगासाठी काम करणाऱ्या बंगळुरूच्या एका कंपनीने, दाद न देणाऱ्या पायरसी साईटवर आपण डीडॉस करतो असं उघडपणे सांगितलं, आणि त्याचा बदला म्हणून मोहीम सुरू झाली. डिसेंबरमध्ये, सरकारांची गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्सच्या देणग्या अडवल्या म्हणून व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल यांच्यावर मारा झाला. लोकांनी स्वखुशीने आपल्या कॉम्प्युटरवर त्यासाठीचं साधन चालवलं. ते साधन पत्ता लपवत नव्हतं, आणि बरेच तरुण पकडले गेले. डीडॉस म्हणजे डिजिटल धरणं, त्याला कायद्याची मान्यता द्या, असा अर्ज २०१३ मध्ये व्हाइट हाउसकडेही गेला होता.

मला हे पटत नाही. धरण्यावर बसणारा माणूस स्वतः येतो, चेहरा दाखवतो, पोलिसांच्या गाडीत बसतो. डीडॉसची खरी ताकद बॉटनेटमधून येते, आणि तिथे ज्यांच्या यंत्रांना रस्त्यावर बसवलं जातं त्यांना कुणी विचारलेलं नसतं. शिवाय समोरच्याला बोलूच न देणं हा निषेध कसा?

‘दहावीच्या निकालाला साईट पडते, तोही हल्लाच का?’

नाही. लाखो खरी मुलं एकाच वेळी निकाल बघायला आली की साईट तशीच कोलमडते, आणि सर्व्हरच्या नजरेला दोन्ही सारखंच दिसतं. २५ जून २००९ ला मायकेल जॅक्सन गेल्याची बातमी पसरली, तेव्हा लोकांनी त्याचं नाव इतकं शोधलं, की गूगलच्या यंत्रणेला तो हल्ला वाटला.

उलट बाजूही बघा. ९ ऑगस्ट २०१६ च्या रात्री ऑस्ट्रेलियाची ऑनलाइन जनगणना बंद पडली आणि जवळपास ४० तास बंद राहिली. सरकारने डीडॉसचं नाव पुढे केलं. चौकशीत निघालं, की हल्ले लहानसेच होते. तयारी कच्ची होती आणि ऐन वेळी राउटरने दगा दिला. त्यामुळे एखाद्या खात्याने ‘आमच्यावर सायबर हल्ला झाला’ म्हटलं, तर किती मोठा झाला आणि तयारी काय होती, हे दोन प्रश्न विचारायला आपण शिकलं पाहिजे.

‘तंत्रज्ञानात उपाय नाही का?’

आहे, आणि चांगला आहे. एकाच साईटची दारं जगभर शेकडो शहरांत उघडायची, म्हणजे ब्राझीलमधला लोंढा ब्राझीलमध्येच अडतो. तिथे तो गाळायचा आणि खरी वाहतूक पुढे सोडायची. २०२३ मध्ये गूगलवर सेकंदाला ३९.८ कोटी मागण्यांचा हल्ला झाला. दोन मिनिटांत इतक्या मागण्या आल्या, की विकिपीडियाचे लेख त्या सप्टेंबरभर जितक्या वेळा वाचले गेले त्याहून त्या जास्त होत्या. गूगलची सेवा चालू राहिली. २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअर या हल्ले गाळणाऱ्या कंपनीने २९.७ टेराबिटचा मारा अडवल्याचं सांगितलं.

पण हे आकडे झेलण्याची ऐपत जगात मोजक्याच कंपन्यांकडे आहे. त्यामुळे वर्तमानपत्रं, रुग्णालयं, छोटी दुकानं, सगळी त्यांच्या आडोशाला गेली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरचंच काम बिघडलं, तेव्हा एक्स आणि चॅटजीपीटीसह असंख्य साईट एकदम बंद झाल्या. कंपनीच्या लोकांनाही आधी हा प्रचंड डीडॉस असावा असं वाटलं. निघाली त्यांच्याच यंत्रणेतली प्रमाणाबाहेर फुगलेली एक फाइल. हल्ल्यांच्या भीतीने सगळे एका छपराखाली आले, आणि ते छप्पर गळलं की सगळेच भिजतात, अशी आजची स्थिती आहे.

आपल्या घरातलं काय?

२९.७ टेराबिटच्या त्या हल्ल्यामागे आयसुरू नावाचं बॉटनेट होतं. त्यातही पुन्हा राउटर, कॅमेरे आणि डीव्हीआर. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून ‘अॅडमिन’सारखा सरसकट पासवर्ड घातलेली उपकरणं विकायला बंदी केली. भारतातही २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेरे विकण्याआधी सुरक्षेची तपासणी सक्तीची झाली. दोन्ही पावलं मोलाची, पण ती नव्या मालाला लागू आहेत. सोसायटीच्या जिन्यात आणि किराणा दुकानात पाच-सात वर्षांपूर्वी लावलेले कॅमेरे तसेच आहेत.

तेव्हा आपल्या हातात आहे ते करू या. राउटर आणि डीव्हीआरचा पासवर्ड बदला; बसवणाऱ्या माणसाने ठेवलेला असतो तोच सहसा वर्षानुवर्षं चालतो. कॅमेरे मोबाइलवर बघायची गरज नसेल, तर ते इंटरनेटला जोडूच नका. कंपनीने अपडेट देणं बंद केलेलं उपकरण बदला, आणि नवं घेताना किती वर्षं अपडेट मिळतील ते दुकानदाराला विचारा. सोसायटीच्या कमिटीत असाल, तर हा विषय पुढच्या मीटिंगमध्ये घ्या, आणि कॅमेऱ्यांच्या देखभालीचं कंत्राट देताना पासवर्ड बदलून तो कमिटीकडे लेखी देण्याची अट घाला. छोटी कंपनी किंवा संस्था चालवत असाल, तर साईटवर हल्ला झाल्याचं कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवणं २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. तो ईमेल कोण पाठवणार, हे आजच ठरवून ठेवा.